मनतशाचं ध्येय

६ जानेवारी, सोमवार

नांदेडचं प्रशिक्षण संपवून मुखेडच्या एसटीत बसले तेव्हा डोकं भणभणत होतं. दिवसभर एकच शब्द ऐकला, ध्येय. ते कसं ठरवायचं, कसं मोजायचं आणि मोबाईलवर कसं चढवायचं. शिकवणारा मुलगा माझ्या लेकीपेक्षा, पुनमपेक्षा, फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. पडद्यावर शिडीचं चित्र दाखवून म्हणाला, "ज्याला ध्येय नाही तो विद्यार्थी नाही, नुसता प्रवासी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. जेवणातली वांग्याची भाजी मात्र खरंच छान होती.

उपक्रमाचं नाव 'भरारी'. प्रत्येक मुलाचं ध्येय ठरवून घ्यायचं, त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा आणि ॲपवर टाकायचा. ज्या वर्गाचे सगळे व्हिडिओ चढतील तो वर्ग हिरवा दिसणार, एक जरी राहिला तरी लाल.

शेवटी आम्हा शिक्षकांनाही ध्येय लिहायला लावलं. मी लिहिलं, 'माझ्या मुलांना पुस्तकाची गोडी लागावी.' तो मुलगा वाकून वाचून म्हणाला, "मॅडम, हे मोजता येईल असं करा ना." मग ते खोडलं आणि लिहिलं, 'सव्वीस जानेवारीपर्यंत माझा वर्ग शंभर टक्के हिरवा.' तो एकदम खूश झाला. गोडी मोजता येत नाही हे त्याचं बरोबरच आहे म्हणा. पण मग इतकी वर्षं मी काय करत होते, हा विचार मुखेड येईपर्यंत गेला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सातवीत ध्येयांचा तास घेतला. निम्मी मुलं मिलिटरीत निघाली, चार पोलिसात, दोघं डॉक्टर. एक म्हणाला, "जेसीबीचा ड्रायव्हर." मी म्हटलं, "जरा मोठा विचार कर." त्यानं खरोखर विचार केला आणि म्हणाला, "मग पोकलेन, म्याडम. ती जेसीबीहून मोठी असती." हसू आवरेना.

मग मनतशा उभी राहिली. ही हनीफभाई गादीवाल्यांची मुलगी. गावात कापूस पिंजायची मशीन त्यांच्याकडेच, आसपासच्या लग्नांच्या गाद्या तिथंच भरतात. वर्गात सगळ्यात वळणदार अक्षर मनतशाचं आणि सगळ्यात कमी बोलणंही तिचंच. म्हणाली, "मला आठवीला मुखेडला जायचंय."

मी म्हटलं, "अगं, आपली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला जावंच लागतं की. ध्येय म्हणजे लांबचं काहीतरी सांग."

"मुखेड लांबच हाय, म्याडम."

वर्ग हसला आणि मीही हसले. ती मात्र हसली नाही, नुसती खाली बसली. इतकी हुशार पोर आणि उडी केवढी तर पुढच्या वर्गापर्यंत! हिच्यावर मेहनत घ्यायला हवी.

१५ जानेवारी, बुधवार

टॅबलेट आले. सुगत सरांनी चार्ज करून, नंबर घालून कपाटात लावले. सरांना या कामाची हौस आहे आणि हातही चालतो. मला त्यातलं निम्मं कळत नाही हे मी त्यांना कळू देत नाही. त्यांना ते कळलेलं आहे.

आज एक गोष्ट घडली. सहावीचा रामलिंग माझ्यासमोर वाचायला उभा राहिला की दुसऱ्या ओळीतच घामाघूम होतो. तोच धडा आज त्यानं टॅबलेटसमोर बसून शेवटपर्यंत वाचला. चुकला की ते यंत्र म्हणतं, 'पुन्हा प्रयत्न करा.' दहाव्यांदा चुकला तरी तेच, आणि त्याच आवाजात. यंत्र चिडत नाही, मी चिडते. सकाळीच मी त्याला "किती वेळा सांगू रे तुला?" म्हटलं होतं.

म्हणजे दोष यंत्रात नाही असं समजायचं? पण धडा संपल्यावर रामलिंगनं मान वर करून पाहिलं ते माझ्याकडे. मी "शाब्बास" म्हटल्यावरच तो उठला. हे कुठं नोंदवायचं याची ॲपमध्ये सोय नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मनतशाचा व्हिडिओ झाला. मस्त झाला!

मी तिच्यासाठी वाक्यं लिहून दिली होती. "मी मनतशा. मला जिल्हाधिकारी व्हायचं आहे. मला माझ्या वडिलांसारखं आयुष्यभर कापसाच्या धुळीत बसायचं नाही." शेवटचं वाक्य मला बस थांब्यावर सुचलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, ध्येयामागं कारण हवं, ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालणारं हवं.

पहिल्या तीन वेळा ती त्या वाक्याशी येऊन थांबली. पाठ होतं, तरी थांबली. म्हणाली, "म्याडम, हे शेवटचं सोडलं तर चालंल?" मी म्हटलं, "अगं, त्यातच तर जीव आहे."

"अब्बाला दिसंल का हे?"

"दिसू दे की. त्यांना अभिमान वाटेल."

चौथ्यांदा मात्र तिनं कॅमेऱ्याकडे बघून सरळ म्हणून टाकलं. डोळ्यांत पाणी होतं. सुगत सरांनी मोबाईल खाली केला. मी त्यांना म्हटलं, "बघा, लाजाळू पोरगी कशी मोकळी झाली." ते म्हणाले, "हं."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. मग डिजिटल बोर्डवर सगळे व्हिडिओ दाखवले. शाळेत एवढं गाव मी कधी जमलेलं पाहिलं नव्हतं. पोकलेनवाल्याला शिट्ट्या पडल्या. मनतशाच्या व्हिडिओला टाळ्याच टाळ्या. मुख्याध्यापक मडिवाळप्पा सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, जिंकलात." तिथल्या तिथं पालकांच्या ग्रुपवरही टाकला.

वर्ग हिरवा झाला, शंभर टक्के.

हनीफभाई मागे उभे होते, खाऊ वाटण्याआधीच निघून गेले. लग्नसराई आहे. बहुतेक दुकानात काम असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

लातूरला पुनमकडे जाऊन आले, मेडिकलच्या परीक्षेच्या क्लाससाठी ती तिथं राहते. तिच्या खोलीत चार मुली राहतात आणि चौघींच्या भिंतींवर चार तक्ते. पुनमच्या भिंतीवर मीच मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, 'माझं ध्येय एमबीबीएस', खाली तारीख. पोर वाळली आहे. अभ्यास कसा चाललाय विचारलं तर "हो" म्हणाली. जेवण बरं असतं का, "हो." मी विचारेन त्याला हो. मनतशाचा व्हिडिओ दाखवला. दोनदा पाहिला आणि फोन परत देत विचारलं, "हे तिनं लिहिलंय?" मी म्हटलं, "मी मदत केली." ती पुस्तक उघडून बसली. परीक्षेचा ताण आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तालुक्यात पहिला नंबर! जिल्ह्याच्या स्पर्धेला मनतशाचा व्हिडिओ जाणार, एप्रिलमध्ये नांदेडला कार्यक्रम आहे. केंद्रप्रमुख साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. मडिवाळप्पा सरांनी पेढे मागवले.

मनतशाला पेढा द्यायचा राहिला, ती आली नव्हती. कालही नव्हती म्हणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आली. ताप होता का विचारलं, नाही म्हणाली. नंबर आल्याचं सांगितलं तर एवढंच म्हणाली, "बरं झालं, म्याडम. तुमचा नंबर आला." आपला म्हण ग, म्हटलं.

मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीकडून कळलं की मनतशाला आठवीला पाठवणार नाहीत. घरी बसवणार.

माझं डोकंच फिरलं. जिल्हाधिकारी व्हायला निघालेली पोर, आणि हे तिला घरी बसवणार! स्टाफरूममध्ये मी बोलले, "शेवटी यांच्यात मुलींना शिकवत नाहीत ते नाहीतच."

सुगत सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी सातवीनंतर तीन मुली घरी बसल्या. त्यातली एक माझ्या वस्तीतली, दोन तुमच्या भावकीतल्या."

मडिवाळप्पा सरांनी घाईघाईनं चहा मागवला. मला राग आला, पण नक्की कशाचा आला ते कळत नाही. त्या दोघींच्या घरी मी गेले नव्हते, एवढं मात्र आठवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ॲपमध्ये आता 'ध्येयाच्या दिशेनं पाऊल' असा नवा भाग आलाय. दर पंधरवड्याला प्रत्येक मुलानं एक पाऊल टाकलेलं दाखवायचं. जिल्हाधिकारी होण्याच्या दिशेनं सातवीतल्या मुलीनं पंधरवड्यात कोणतं पाऊल टाकायचं? मी विचारात बसले होते तर मडिवाळप्पा सर म्हणाले, "बाई, वरून आलेलं खाली ढकलायचं, मधी थांबून वाचत बसायचं न्हाई. 'वर्तमानपत्र वाचले' असं टाका." टाकलं. हिरवं झालं.

मनतशा हल्ली शेवटच्या बाकावर बसते. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर देते, पण आपण होऊन हात वर करत नाही. तिच्या नावापुढे ॲपमध्ये सगळे दिवे हिरवे आहेत.

१ एप्रिल, मंगळवार

काल ईद झाली. दरवर्षी दुसऱ्या दिवशी हनीफभाईंच्या घरून शाळेत शीरखुर्म्याचा मोठा डबा येतो. गौसियाभाभी स्वतः घेऊन येतात, दारात उभ्या राहून सगळ्या मास्तरांना खाऊ घालतात आणि डबा धुऊन मागतात. आज मडिवाळप्पा सरांनी सवयीनं वाट्या धुवायला सांगितल्या. सुट्टी झाली, शाळा सुटली. डबा आला नाही.

शिपायानं वाट्या परत कपाटात ठेवल्या. मला फार लागलं. पोरीला पुढं शाळेत पाठवत नाहीत म्हणून चिडणं सोपं होतं, कारण तिथं चूक त्यांची होती. डबा न येण्यात चूक त्यांची आहे असं काही मला म्हणता येईना.

५ एप्रिल, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर हनीफभाईंच्या घरी गेले. आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

पुढच्या खोलीत मशीन आणि मागे घर. ऐन लग्नसराईत मशीन बंद होती. हनीफभाई खाली बसून एका गादीला दाभणानं टाके घालत होते. "या, म्याडम," म्हणाले, पण उठले नाहीत. एरवी ते उठतात. गौसियाभाभींनी खुर्ची पुसून दिली. मनतशा आतल्या दाराशी उभी.

मी तयारी करून गेले होते. मुलींचं शिक्षण, एसटीचा मोफत पास, जमाना कुठं चाललाय वगैरे. हनीफभाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "शिकवायचं न्हाई असं कोण म्हणलं, म्याडम? पोरगी चौथीत हुती तवापसून हिची आई तिला मुखेडला धाडायचं म्हणून राहिली. मी बी हावच म्हणत हुतो. पर आता कशाला धाडू? सातवीतच बापाच्या धंद्याची लाज वाटून राहिली. अजून शिकली तर वळख तरी दील का?"

"लाज कशी वाटेल हो तिला?"

"गावानं ऐकलं की. सव्वीस जानेवारीला. मी बी तिथंच हुतो."

गौसियाभाभी म्हणाल्या, "पाटलांच्या ग्यानोबाभाऊंच्या घरी लगीन हाय. त्यांच्या घरची गादी कधी दुसरीकडं गेली न्हाई. औंदा मुखेडातून फोमची आणली. हे विचारायला गेले तर म्हणले, तुमची पोरगीच सांगून राहिली की कापसात धूळ असतीय. आम्हाला कशाला बोल लावता? मग दुसऱ्यांनी बी फोमचीच घेतली. रस्त्यानं जाताना पोरं आवाज देतात, कलेक्टरचे अब्बा चालले म्हणून."

"चेष्टेचं सोडा," हनीफभाई म्हणाले. "चेष्टा आम्ही बी करतो लोकांची. गिऱ्हाईक बी जाईल न् येईल. पर तिनं मनात धरलं हुतं, ते गावासमोर बोलली. घरात एकदा बोलली असती, तर मी ऐकून घेतलं असतं."

मी म्हणाले, "हनीफभाई, ते तिच्या मनात नव्हतं. ते वाक्य माझं आहे. मी लिहून दिलं. ती नको म्हणत होती, मीच म्हणायला लावलं."

दाभण तिथंच थांबलं. गौसियाभाभी दाराकडे वळल्या. "क्यों बोली नै गे?"

मला वाटलं होतं तिनं हे केव्हाच सांगितलं असेल. दोन महिने ती घरात बापाची नजर चुकवत वावरली आणि माझं नाव घेतलं नाही. मी विचारलं, "का नाही सांगितलंस ग?"

ती म्हणाली, "तुमचा नंबर आला हुता ना, म्याडम."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आवरलं नाही. गौसियाभाभींनी पाणी आणून दिलं. हनीफभाईंनी दाभण गादीत खोचून ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही घरात येऊन सांगितलं, बरं केलं. माझ्यापुरतं झालं. पर व्हिडिओ तर गावात हाय."

आठवीचं मी पुन्हा विचारलं नाही. विचारायचं तोंडच राहिलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

आज सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'आठवीला मुखेडला जायचंय.' तेव्हा मी ते लहान म्हणून बाजूला सारलं. तिचं सगळं तेवढ्यातच होतं, आणि मी त्याच्या जागी असं मोठं ध्येय ठेवलं की त्याखाली तेच चिरडलं गेलं. नांदेडला कुणी सांगितलं नाही की ध्येय विचारल्यावर ऐकून घ्यायचं असतं. पण हे काय प्रशिक्षणात शिकवायला हवं?

७ एप्रिल, सोमवार

मडिवाळप्पा सरांना सांगितलं की व्हिडिओ स्पर्धेतून आणि ॲपवरून काढायचा. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, आठवड्यावर कार्यक्रम आलाय. पत्रिकेत शाळेचं नाव छापलंय. शांत रहा, उन्हाळ्यात लोक विसरतात." मी म्हटलं, "लोक विसरतील, तोवर पोरगी घरी बसेल." ते म्हणाले, "ग्रुपवर गेलेलं परत येतं का कुठं? काढून काय उपयोग?"

ते खरंच आहे. तोंडातून गेलेलं निदान हळूहळू विरतं, हे रोज नवीन वाजतं. सुगत सर म्हणाले, "मॅडम, ते जिथून गेलं तिथूनच दुसरं पाठवा. तुमचं."

शाळा सुटताना मनतशाला थांबवून विचारलं, "मी गावाला सांगणार आहे की ते वाक्य माझं होतं. तू आधी काय म्हणाली होतीस, तेही सांगू का?"

तिनं विचार केला. "तुमचं तुम्ही सांगा, म्याडम. माझं नका सांगू."

पहिल्यांदाच तिला कुणीतरी आधी विचारलं होतं. मी हो म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार

माझा व्हिडिओ झाला. मुलांना "सरळ उभी राहा, हस, कॅमेऱ्यात बघ" म्हणणारी मी स्वतः सात-आठ वेळा अडखळले. एकदा पदर सावरत राहिले, एकदा 'ध्येय' शब्दावरच अडले. सुगत सर एकदाही हसले नाहीत की चिडले नाहीत. मी म्हटलं, "लिहून घेऊन वाचू का?" ते म्हणाले, "नको, मॅडम."

शेवटी एवढंच बोलले. "मी शिवकन्या, सातवीची शिक्षिका. मनतशाच्या व्हिडिओतलं वडिलांच्या धंद्याचं वाक्य तिचं नाही. ते मी लिहिलं. ती नको म्हणत होती, तरी मी तिला ते बोलायला लावलं, कारण मला माझा वर्ग हिरवा करायचा होता. हनीफभाईंची आणि मनतशाची मी माफी मागते. तो जुना व्हिडिओ ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढे पाठवू नये."

ग्रुपवर टाकला. मग मोबाईल बंद करून पिशवीत तळाशी ठेवला आणि भाकरी करायला घेतली.

११ एप्रिल, शुक्रवार

केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला. आवाज फेब्रुवारीतला नव्हता. लेखी खुलासा द्यायचा आहे. स्पर्धेतून नाव गेलं. मनतशाचा व्हिडिओ मी ॲपवरून काढून टाकल्यामुळे माझा वर्ग लाल झाला, जिल्ह्यात सगळ्या हिरव्यात एकटा. मडिवाळप्पा सर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचाही इलाज नाही, निवृत्तीला वर्ष राहिलंय.

ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. एक-दोन हात जोडलेली चित्रं आली. ग्यानोबा पाटलांनी सुविचार टाकला, नेहमीसारखा. हनीफभाईंकडून काहीच नाही.

संध्याकाळी पुनमचा मेसेज आला. माझा व्हिडिओ लातूरपर्यंत पोहोचलाय म्हणजे. लिहिलं होतं, 'आई, पाहिला. माझ्या भिंतीवरही तुझंच अक्षर आहे.'

तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनही वेळा पुसलं. शेवटी फोन केला. तिनं उचलला. मग ती म्हणाली, "आई, परीक्षा मी देणार आहे. पण त्यानंतर मला तुला काही सांगायचंय. तेव्हा ऐकशील?"

ऐकेन म्हटलं. फोन ठेवल्यावर भीतीच वाटली, काय सांगणार असेल.

२ मे, शुक्रवार

काल निकाल वाटले. मनतशाचा वर्गात दुसरा नंबर. हनीफभाई स्वतः आले नाहीत, गौसियाभाभी येऊन गुणपत्रक घेऊन गेल्या. सातवीच्या बाकीच्या पालकांनी तिथंच शाळा सोडल्याच्या दाखल्याचे अर्ज दिले. गौसियाभाभींनी दिला नाही. मी दाराशी उभी होते. "बऱ्या आहात ना, म्याडम?" एवढं विचारलं त्यांनी. मी बरी आहे म्हटलं.

दाखला नेला नाही म्हणजे पुढची शाळा नाही. म्हणजे माझी माफी गावापुरतीच झाली, मनतशाचं जे जायचं ते गेलंच. रात्री जेवले नाही.

५ मे, सोमवार

काल पुनमची परीक्षा झाली. कशी गेली ते विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं. मग पुष्कळ वेळ ती बोलली आणि मी ऐकलं. डॉक्टर नाही व्हायचं तिला. काय व्हायचंय ते अजून ठरलेलं नाही म्हणाली. माझ्या ओठांवर आलं होतं, 'ठरवायला तर हवं ना.' गिळलं. पाणी पिऊन गिळलं.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. नव्या वर्षाचं परिपत्रक आलंय, 'भरारी'चा दुसरा टप्पा. मी नवीन सातवीत गेले आणि मोबाईल टेबलाच्या खणात ठेवला. टॅबलेट रामलिंगला वाचायला दिला, आणि तो वाचत असताना त्याच्या शेजारी बाकावर बसले. व्हिडिओ काढायचे तर आहेतच, नोकरी आहे. पण आधी आठवडाभर मी नुसतं ऐकणार, आणि मुलं जे म्हणतील तेच टाकणार. पोकलेन तर पोकलेन. लाल राहिलं तर राहू दे. मडिवाळप्पा सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "माझं हे शेवटचं वर्ष हाय, बाई. जरा दमानं घ्या." पण नको म्हणाले नाहीत.

दुपारी हनीफभाई आले. अंगावर स्वच्छ शर्ट होता, कानापाशी कापसाचा पुंजका राहिला होता. ऑफिसात न जाता आधी माझ्या वर्गाच्या दाराशी थांबले.

"म्याडम, टीसी पायजे."

मी हातातला खडू खाली ठेवला. ते म्हणाले, "दोन महिने तिला रोज विचारलं, जायचं का. बोलंचना. मला वाटलं माझ्यावर रागं भरली. परवा म्हणली, अब्बा, तुम्ही जा म्हणलं तर जाईन, नको म्हणलं तर न्हाई जाणार. मी म्हणलं, मी काहीच म्हणत न्हाई, तुला काय पायजे ते बोल. मग बोलली."

"काय बोलली?"

"मुखेड म्हणली," हनीफभाई म्हणाले. "अजून बी लई काय काय बोलली. ते घरातलं हाय."

दाखला मीच लिहिला. मडिवाळप्पा सर सही करताना म्हणाले, "हनीफभाई, औंदा ईदचा डबा चुकला बरं का." हनीफभाई म्हणाले, "चुकला, सर." जे झालं ते एका डब्यानं भरून निघणारं नाही, मला माहीत आहे. जाताना ते मला सलाम करून गेले. पूर्वीइतके मोकळे नव्हते.

१९ जून, गुरुवार

मुखेडहून मला गावात आणणारी सकाळची एसटी गावात वळते आणि तीच परत मुखेडला जाते. इतकी वर्षं या गाडीतून उतरतेय, पण दारात चढायला कोण उभं आहे याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

आज गाडी थांबली तेव्हा खाली मुलामुलींची ही झुंबड उडाली होती. पुढं मनतशा उभी होती. नवा गणवेश, पाठीला दप्तर, हातात पास. मी दारात आले आणि तिला बघून पायरीवरच थांबले. खूप काही बोलायचं होतं. नीट जा, अभ्यास कर, कुणी काही बोललं तर सांग, मला माफ केलंस का. यातलं कोणतं आधी म्हणावं याचा विचार करत मी दांडीला धरून उभीच राहिले. मागून कंडक्टर ओरडला.

मनतशानं वर बघितलं. घाईत होती.

"म्याडम, सरका की," ती म्हणाली. "जागा जाईल माझी."

मी सरकले.